वाचकांचे प्रश्न: तळ्याकडे जाणारा रस्ता सिटी सोडून देतेय, आता काय करायचं?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं की इथे अमेरिकेत तळ्याकाठचे, कधीच न बांधलेले रस्ते सिटी कौन्सिलवाले अधूनमधून सोडून देतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी मॉर्गेज आणि आईवडिलांचा व्हिसा दोन्ही बाजूला ठेवतोय, ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागवू नका. मी वकील नाही हे आधीच सांगतो. काउंटीच्या सर्व्हे ऑफिसात बरीच वर्षं नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे अशा पट्ट्या पुष्कळ बघितल्यात आणि त्या कशा जातात तेही बघितलंय. आणि हो, सगळे लेक म्हणतात पण मी तळंच म्हणणार, लेक म्हटलं की मला आमची मुलगी आठवते.

काका, नमस्कार. आम्ही मिनेसोटात एका लहान शहरात राहतो. आमचा रस्ता जिथे संपतो तिथून पुढे तळ्यापर्यंत नुसती गवताची पट्टी आहे, दोन्ही बाजूला एकेक घर. सासरे उन्हाळ्यात इथे असतात तेव्हा रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसतात, मुलं पाण्यात दगड टाकतात, एवढंच. परवा खांबावर नोटीस लावलेली दिसली, 'स्ट्रीट व्हेकेशन'. आमचे हे म्हणाले रस्त्याला कसली आलीय सुट्टी! मग वाचलं तर दोन्ही शेजाऱ्यांनी अर्ज केलाय आणि पुढच्या महिन्यात हिअरिंग आहे. म्हणजे नक्की काय होणार? जमीन कुणाला जाणार? आणि आपल्याला काही बोलता येतं का?

तुमच्या मिस्टरांचा जोक चांगला आहे, ऑफिसात आम्ही तो दर महिन्याला ऐकायचो. व्हेकेट करणं म्हणजे त्या पट्टीवरून जाण्यायेण्याचा लोकांचा जो हक्क आहे, राइट ऑफ वे, तो सिटीने सोडून देणं. आता यातली मेख अशी की बहुतेक ठिकाणी ती जमीन सिटीच्या मालकीची नसतेच. पूर्वी कुणीतरी जमिनीचा प्लॅट पाडला, नकाशावर लॉट आखले, मधे रस्ते आखले आणि रस्ते लोकांच्या वापरासाठी दिले असं लिहून सही केली, त्याला डेडिकेशन म्हणतात. त्यातून लोकांना मिळाली ती वहिवाट. खालची माती कागदोपत्री शेजारच्या लॉटवाल्यांचीच राहते, सहसा रस्त्याच्या मधल्या रेषेपर्यंत. वहिवाट आहे तोवर त्यांना ती जागा आपली म्हणून बंद करता येत नाही, वहिवाट उठली की जागा आपोआप मोकळी होते, खरेदीखत नाही, लिलाव नाही, काही नाही. म्हणून लोक जेव्हा विचारतात की सिटी ही जमीन विकतेय का, तेव्हा उत्तर नाही असंच येतं, आणि ते खरंही असतं, आणि विचारणारा समाधानाने घरी जातो!

पट्टी किती रुंद ते तुम्ही लिहिलं नाहीये पण प्लॅट जुना असेल तर ६६ फूट असण्याची शक्यता भरपूर. ६६ च का, तर सर्व्हेयरची साखळी ६६ फुटांची असायची, १०० कड्यांची, एडमंड गंटर नावाच्या इंग्लिश गणितज्ञाने १६२० च्या सुमाराला काढलेली, ८० साखळ्या म्हणजे बरोबर एक मैल. रस्ता किती रुंद ठेवायचा हा विचार करत कोण बसतंय, एक साखळी टाकायची आणि पुढे जायचं. या साखळीवाल्यांनी रस्ते थेट पाण्यापर्यंत आखले, काही पुढे बांधले गेले, काही नुसते कागदावर राहिले, त्यांना पेपर स्ट्रीट म्हणतात. तुमची पट्टी म्हणजे हेच. आणि ती व्हेकेट झाली तर दोघा शेजाऱ्यांना ३३-३३ फूट. तळ्याकाठची जागा घेताना लोक एकर नाही मोजत, काठ किती फूट आहे ते मोजतात, तेव्हा ३३ फूट काठ म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको.

आता कायदा. मिनेसोटात बहुतेक लहान शहरांना स्टॅट्यूट (राज्याच्या कायद्याचं कलम) ४१२.८५१ लागू होतो (ज्यांचा स्वतःचा चार्टर, म्हणजे शहराची आपली घटना, आहे त्यांचे नियम त्या चार्टरमधे बघावे लागतात). त्यात असं आहे की पट्टीला लागून असलेल्या मालकांपैकी बहुसंख्य लोकांनी अर्ज केला तर कौन्सिल ठराव करू शकतं, अर्जच नसेल आणि कौन्सिलने आपणहून काढलं असेल तर मात्र सगळ्या सभासदांच्या चार पंचमांश मतं लागतात, म्हणजे पाच जणांच्या कौन्सिलमधे चार. तुमच्याकडे अर्ज आहे, त्यामुळे ती चारची अट लागणार नाही, हे वाईट. दोन आठवडे आधी पेपरात आणि सार्वजनिक ठिकाणी लावलेली नोटीस पाहिजे, ती तुम्ही बघितलीच. आणि ठराव कधी करता येतो, तर हिअरिंगनंतर तो लोकांच्या हिताचा आहे असं दिसलं तर. लोकांच्या हिताचा, हे शब्द लक्षात ठेवा, अर्जदारांच्या सोयीचा नाही.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पट्टी जर सार्वजनिक पाण्याला जाऊन भिडत असेल किंवा लागून असेल तर हिअरिंगच्या किमान ६० दिवस आधी राज्याच्या नॅचरल रिसोर्सेस खात्याच्या कमिशनरला, म्हणजे आपण ज्याला डीएनआर म्हणतो त्यांना, सर्टिफाइड मेलने लेखी कळवावं लागतं. आणि हिअरिंगच्या किमान १५ दिवस आधी कौन्सिलने त्यांच्याशी सल्लामसलत करायची. डीएनआरने तीन गोष्टी बघायच्या: व्हेकेट करून लोकांचा फायदा काय, त्या जागेचा पाण्यापर्यंत जायला आज काय उपयोग होतो आणि पुढे काय होऊ शकतो, आणि निसर्गावर काय परिणाम होईल. त्यातलं मधलं परत वाचा. आज काय उपयोग होतो एवढंच नाही, पुढे काय होऊ शकतो तेही! तुमचे शेजारी हिअरिंगला म्हणणार की इथे कुणी येत नाही, काहीतरी करून ते एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणणार, आणि कायद्याच्या दृष्टीने ते अर्धंच उत्तर आहे. न वापरलेलं आणि निरुपयोगी यात फरक आहे की नाही.

डीएनआरला मिनेसोटात नकाराधिकार नाही, ते फक्त मत देतात, पण लहान गावातल्या कौन्सिलसमोर राज्याचं पत्र पडलेलं असलं की हवा बदलते. तेव्हा उद्याच सिटी क्लर्ककडे जा आणि अर्जाची कॉपी, डीएनआरला पाठवलेलं पत्र, पोस्टाची पावती आणि डीएनआरचं उत्तर मागा, हे सगळं पब्लिक रेकॉर्ड आहे. ६० दिवस झालेले नसतील तर हिअरिंग पुढे ढकला म्हणून लेखी द्या. मी असं बघितलंय की अर्जाबरोबर जोडलेला फोटो हमखास मार्चमधला असतो, अर्धवट वितळलेला बर्फ, चिखल आणि एक उलटी पडलेली कचऱ्याची पेटी. तुम्ही जुलैतला काढून न्या. आणि जानेवारीतला असेल तर तोही, कारण बर्फ जमल्यावर मासे धरायला लोक कुठून आत जातात, अशाच पट्टीवरून.

या जागेचे सिटीला किती पैसे मिळतात? आमच्या कौन्सिलवाल्याने सांगितलं की टॅक्स वाढतो म्हणून सगळ्यांचाच फायदा.

मिनेसोटात साधारणपणे अर्जाची फी, नोटिसांचा खर्च, सर्व्हेचा खर्च, एवढंच. जमीन सिटीची नव्हतीच ना, मग किंमत कशाची लावणार, असा हिशोब. वॉशिंग्टन राज्यात वेगळं आहे, तिथे सिटी व्हेकेट केलेल्या जागेच्या ठरवलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत पैसे घेऊ शकते, आणि रस्ता २५ वर्षांहून जुना असेल किंवा लोकांच्या पैशाने घेतलेला असेल तर पूर्ण किंमत. टॅक्स वाढतो हे खोटं नाही, ३३ फूट काठ वाढला की त्या लॉटची किंमत वाढते आणि टॅक्स पण वाढतो. पण मग कौन्सिलवाल्याला विचारा की उद्या गावाला तळ्याकाठी तेवढीच जागा परत घ्यायची वेळ आली तर हा वाढीव टॅक्स किती वर्षं साठवावा लागेल, आणि त्याला आकडा काढायला लावा, स्वतः काढू नका.

तुमचं मागचं वाक्य एकतर्फी वाटलं म्हणून लिहितोय. मी अशाच एका पट्टीच्या शेजारी राहतो. २० वर्षं झाली, गवत आम्ही कापतो, कचरा आम्ही उचलतो. रात्री १ वाजता पोरं गाड्या घेऊन येतात, गाणी, बाटल्या, फोर्थ ऑफ जुलैला फटाके थेट आमच्या डेकवर. पोलिसांना किती वेळा बोलावणार? आम्ही व्हेकेशनचा अर्ज केला तर आम्ही लगेच जमीनचोर झालो का?

नाही हो, चोर कशाला. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक मान्य करतो की सभेत भाषण करणारे आम्ही लोक रात्री १ वाजता तिथे नसतो, तुम्ही असता. त्रास खरा आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या करू. पहिली, २० वर्षं गवत कापलं म्हणून हक्क तयार होत नाही. खाजगी जमिनीवर असं वर्षानुवर्षं उघडपणे कब्जा ठेवला तर मिनेसोटात १५ वर्षांनी दावा सांगता येतो, पण लोकांसाठी दिलेल्या रस्त्यावर, चौकावर, घाटावर तो चालत नाही, स्टॅट्यूट ५४१.०१ मधे तसं स्पष्ट लिहिलंय. त्यामुळे हिअरिंगला तुम्ही 'आम्ही सांभाळली' हे जरूर सांगा, कौन्सिलला ते ऐकायला पाहिजे, पण 'म्हणून आमची' हे पुढे जोडू नका, तुमचाच मुद्दा पडतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्हाला त्रास होतोय तो गाड्यांचा आणि रात्रीचा. तुम्हाला पायी येणाऱ्या आजोबांचा त्रास नाहीये (वर ज्या ताईंचं पत्र आहे त्यांचे सासरे समजा). मग औषध तेवढ्याच जागी लावायचं ना. गाडी आत जाऊ नये म्हणून दोन मोठे दगड किंवा लोखंडी खांब, रात्री १० नंतर बंदची पाटी आणि तसा सिटीचा ऑर्डिनन्स म्हणजे पोलिसांना दंड करता येतो, नो पार्किंग, एक कचऱ्याची पेटी जी सिटीचा माणूस रिकामी करेल. यातलं काहीही करायला लोकांचा हक्क कायमचा उठवावा लागत नाही. आणि ६६ फूट रुंदी आजच्या गरजेपेक्षा जास्त आहे असं खरंच वाटत असेल तर अर्धवट व्हेकेशन मागा: मधे १५-२० फुटांची पायवाट लोकांसाठी कायम ठेवायची आणि दोन्ही कडा सोडायच्या. शेजाऱ्यांना कुंपण मिळतं, लोकांना पाणी मिळतं. माझ्या अनुभवात कौन्सिलला हे फार आवडतं कारण कुणाच्याच शिव्या खाव्या लागत नाहीत.

आणि काही पट्ट्या खरंच सोडण्यासारख्या असतात, ते पण सांगतो नाहीतर परत एकतर्फी म्हणाल. समोर ४० फुटांचा कडा आहे, पाण्यापर्यंत माकडालाही उतरता येणार नाही, आणि दोन घरं सोडून सिटीचा चांगला पार्क आहे, तर धरून ठेवून काय करायचं. किंवा कुणाच्या घराचा कोपरा ७० वर्षांपूर्वी चुकून दोन फूट रस्त्यात आलाय आणि आता घर विकताना अडतंय, तर त्या कोपऱ्यापुरतं सोडा, अख्खी पट्टी कशाला?

एक वाक्य मात्र ठरावात बघून घ्या, अर्ज कुणाचाही असो. बऱ्याच ठिकाणी पट्टीखालून पावसाच्या पाण्याचा पाइप तळ्यात सोडलेला असतो, सिव्हर असतो, केबल असते. मग सिटी व्हेकेट करताना युटिलिटी ईझमेंट राखून ठेवते. म्हणजे पाइपाला जायला वाट राहते, माणसाला नाही. अशा जागेवर तुम्हाला गॅरेजही बांधता येत नाही, बांधलंत तर उद्या खणायला येतील, आणि मग ज्या ३३ फुटांसाठी एवढं केलं त्याचा निम्मा उपयोग गेला.

काका, हिअरिंगला बोलायला सिटिझन असावं लागतं का? मी ग्रीन कार्डवर आहे. आणि तीन मिनिटांत काय बोलायचं, माझं इंग्लिश असं घाईत अडखळतं.

नाही लागत, पब्लिक हिअरिंगमधे तुम्ही तिथले रहिवासी म्हणून बोलता, नाव आणि पत्ता विचारतात, पासपोर्ट नाही. मतदान वेगळं आणि हे वेगळं.

अडखळायचं म्हणाल तर लिहून न्या आणि वाचा, तिथले जन्मलेलेही वाचतातच. शिवाय लेखी पत्र आधी क्लर्कला द्या, ते रेकॉर्डमधे जातं आणि उद्या कुणी कोर्टात गेलं तर रेकॉर्डच बघितलं जातं, कुणाचा आवाज चढला होता ते नाही. तीन मिनिटांत पर्यावरण, मुलांचं भविष्य, समाज वगैरे काही नको, ते पाच जण बोलून गेलेले असतात आणि कौन्सिलवाले तोपर्यंत फोन बघायला लागलेले असतात. तुम्ही सांगा की मी अमुक ठिकाणी राहतो, या पट्टीवर मी आणि घरचे इतक्या वेळा जातो, इथून तळ्यावर जायची दुसरी सार्वजनिक जागा चालत इतकी लांब आहे (आधी स्वतः चालून घड्याळ लावून बघा), आणि मग एकच प्रश्न विचारा: हे सोडून दिल्याने लोकांचं हित काय होतं ते ठरावात लिहिणार आहात का? एवढं विचारून खाली बसा. शांतता पसरते, मी बघितलंय.

शेजाऱ्यांबद्दल वाईट बोलू नका. पुढची २० वर्षं त्यांच्याशेजारीच राहायचंय.

आम्ही विस्कॉन्सिनला मूव्ह होतोय, बहीण सिअ‍ॅटलला आहे. तिकडे पण हेच नियम का?

नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. विस्कॉन्सिन याबाबतीत कडक. तिथे स्टॅट्यूट ६६.१००६ प्रमाणे होडी चालेल अशा तळ्याला किंवा नदीला लोकांना पोचवणारा रस्ता बंद करायचा टाउन किंवा काउंटी बोर्डाचा ठराव डीएनआरने मंजुरी दिल्याशिवाय लागूच होत नाही, म्हणजे तिकडे नुसतं मत नाही, परवानगीच. शिवाय तळ्याकाठी नवीन प्लॅट पाडला तर अर्ध्या अर्ध्या मैलाच्या आत किमान ६० फूट रुंदीची लोकांची वाट ठेवायची असा नियम आहे. वॉशिंग्टन राज्यात पाण्याला भिडणारा रस्ता सोडायला वेगळं कलम आहे, सोडणं हे पार्क, बोटी, पाण्यावर जाणं, नजारा अशा लोकांच्या कामासाठी असेल, किंवा त्या कामांना ती जागा योग्यच नाही असं ठरलं, किंवा बदल्यात तेवढीच वा जास्त चांगली वाट मिळणार असेल तरच तो सोडता येतो. सिअ‍ॅटलने तर १९९६ मधे ठराव करून पाण्याशी संपणारे सुमारे दीडशे रस्ते लोकांसाठी राखून ठेवायचं ठरवलं, बहिणीला म्हणावं घराजवळचा कुठला आहे ते शोध, काही ठिकाणी छान छोटे बाग आणि बाकडी केलीयत.

एवढा काय गहजब एका गवताच्या पट्टीवरून? मिनेसोटात दहा हजार तळी आहेत, एक रस्ता गेला तर काय बिघडलं?

दहा हजार ही पाटीवरची बोली झाली, १० एकरांच्या वरची तळी मोजली तर ११,८४२ भरतात. पण तळी किती आहेत हा प्रश्नच नाही, तळ्यापर्यंत पोचता येतं का हा आहे. पाणी सगळ्यांचं आणि काठ खाजगी असेल तर पाणी नुसतं लांबून बघायचं.

एकेक करून जातं म्हणून कळत नाही, एकदम गेलं की कळतं. शिकागोत एकदम गेलं होतं. १८६९ मधे इलिनॉयच्या विधिमंडळाने शहरासमोरच्या मिशिगन तळ्याच्या तळाची हजार एकरांहून जास्त जागा इलिनॉय सेंट्रल नावाच्या रेल्वे कंपनीला देऊन टाकली. चार वर्षांनी, १८७३ मधे, भानावर येऊन कायदा रद्द केला, कंपनी म्हणाली दिलेलं परत कसं घेता, आणि प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १८९२ मधे कोर्टाने सांगितलं की अशा पाण्याखालची जमीन राज्याकडे लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून असते, ती अशी सरसकट देऊन टाकायचा राज्याला अधिकारच नाही. निकाल थोडक्यात वाचला, ४ विरुद्ध ३. यालाच पुढे पब्लिक ट्रस्ट डॉक्ट्रिन म्हणायला लागले, आणि आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डिसेंबरात बियास नदीकाठच्या जमिनीच्या प्रकरणात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, हाच धागा धरला. अर्थात गवताच्या पट्टीला तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही, ती पाण्याखालची जमीन नव्हे, तिथे वर सांगितलेले रस्त्याचेच कायदे चालतात. उगाच हिअरिंगला शिकागो शिकागो करू नका.

उलट उदाहरण तुमच्या जवळच आहे. मिनियापोलिसमधे १८८३ मधे पार्क बोर्ड स्थापन झालं, त्याच वर्षी होरेस क्लीव्हलँड नावाच्या लँडस्केपवाल्या गृहस्थांनी सगळ्या शहरभर पार्क आणि झाडीचे रस्ते कसे जोडायचे याचा आराखडा दिला, आणि पुढे काठ मिळतील तसे घेत गेले. आज ब्डे माका स्का किंवा लेक हॅरिएट या तिथल्या तळ्यांना तुम्ही पूर्ण चक्कर मारू शकता, कुणाच्या बॅकयार्डमधून न जाता. तिथे रविवारी सकाळी जाऊन उभे राहा आणि मग परत लिहा मला, गहजब का ते.

घर घेतोय, रिअ‍ॅल्टर म्हणतो शेजारचा रस्ता व्हेकेट झालेला आहे, लॉट मोठा आहे. कसं तपासू?

रिअ‍ॅल्टरच्या शब्दावर नको. मिनेसोटात ठराव झाल्यावर क्लर्कने नोटीस ऑफ कम्प्लिशन तयार करून काउंटीत नोंदवायची असते, काउंटी रेकॉर्डरकडे त्याचा डॉक्युमेंट नंबर मागा आणि टायटल कंपनीला (मालकीचे कागद तपासणाऱ्या) तो दाखवा. त्यात ईझमेंट राखलंय का तेही बघा, वर पाइपाचं लिहिलंय तेच. रस्ता प्लॅटच्या अगदी कडेला असेल तर मधल्या रेषेचा हिशोब बदलतो, कधी अख्खी पट्टी एकाच बाजूला जाते, त्यामुळे सर्व्हे करून घ्या, चारशे फूट लांबून दिसणारं कुंपण हा सर्व्हे नसतो.